तेलात हरवलेली वाटी

सासूबाईंची काचेची वाटी सकाळपासून सापडत नव्हती आणि आळ सासऱ्यांवर आला होता. "फोडली असेल तर सांगून टाका," म्हणून त्या हात धुऊन त्यांच्या मागे लागल्या होत्या. दुपारी तेल काढताना सुनेची पळी डब्यात कशावर तरी आपटली. तिनं हात घातला, तर अख्खी वाटीच वर आली!

"अगं बाई, सकाळी तेल काढताना माझ्याच हातून पडली असणार! पण मघाशी मी डब्यात बघितलं होतं की!" सासूबाई म्हणाल्या.

सून शाळेत विज्ञान शिकवायची. ती हसत म्हणाली, "आई, या काचेत आणि तेलात प्रकाश जवळपास सारख्याच वेगानं जातो. वेग बदलला नाही, म्हणून तो वळला नाही, चकाकलाही नाही. मग वाटी दिसणार कशी?"

सासरे ऐटीत खाकरले. सासूबाईंनी मात्र वाटी पुन्हा तेलात सोडली आणि शेजारणीला हाक मारली, "अहो, गंमत बघायला या!"