पाकिटात कोंडलेला बल्ब

मी ट्रकच्या हेडलाइटमधला बल्ब बोलतोय. जरा कान जवळ आणा, कारण मी प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे, पाकिटाला सील आहे आणि पाकीट कुलूपबंद कपाटात आहे. बल्बाला अंधारात कोंडायचं म्हणजे काय थट्टा आहे का?

कारखान्यात जन्मलो तेव्हाही मी खोक्यातच होतो म्हणा. पण ड्रायव्हरने मला दुकानातून आणून उजव्या दिव्यात बसवलं आणि माझी चैन सुरू झाली. अंधारून आलं की तो गाडी बाजूला घ्यायचा, काच फडक्याने पुसायचा आणि म्हणायचा, "चला राजे, लागा कामाला!" बल्बाचं एवढं कौतुक कोण करतं हो?

मग एका संध्याकाळी आडरस्त्यावरून एक मोटार सुसाट आली आणि आमच्यावर धाडकन आदळली. मोटारवाल्याचा पाय मोडला. शुद्धीवर येताच त्याने सांगून टाकलं, "ट्रकचे दिवे बंद होते." झालं! सगळं खापर ड्रायव्हरवर फुटलं आणि त्याची रवानगी कोठडीत झाली.

अपघात नेमका कसा झाला, हे शोधणाऱ्या इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी रस्त्यावरचे टायरचे डाग मोजले, चेपलेला पत्रा मोजला. डाव्या बल्बाचा तर चुरा झाला होता. मला त्यांनी अलगद सोडवलं आणि ऑफिसात भिंगाखाली धरून ड्रायव्हरच्या बायकोला दाखवलं.

"ही आतली तार बघा. दिवा बंद असता तर थंड तार काडीसारखी मोडली असती. ही तापलेली होती, म्हणून धक्क्याने अशी लांब ओढली गेली. दिवा चालू होता."

"मग सोडवा ना त्यांना, ताई!" ती रडायलाच लागली.

"कोर्टात हे दाखवू. तोवर याला जपायला हवं."

मॅडम सील आणायला आत गेल्या. तिथलं सामान सांभाळणारे काका मनाने फार चांगले, पण भलतेच उतावीळ. म्हणाले, "वहिनी, कशाला एवढी भानगड? बॅटरीला जोडतो, फोटो काढू. पेटला की विषय संपला!"

त्यांनी एक वायर लावलीसुद्धा. खरं सांगतो, मी हरखलो. कितीतरी दिवसांनी पेटणार होतो! दुसरी वायर जवळ आली, तोच मॅडम दारातून ओरडल्या, "काका, हात काढा!"

"अहो, पेटतो का एवढंच बघत होतो."

"ताणलेली तार आहे ती. वीज सोडलीत की जळून तुटेल. मग समोरचे म्हणतील, तुम्हीच बिघडवली. दाखवायला उरेल काय?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनींनी मला उचलून मुठीत धरलं. मॅडमनी पाकीट पुढे केलं तरी त्यांची मूठ सुटेना.

"द्या, वहिनी. माझ्याकडे सुखरूप राहील."

तेव्हापासून मी इथे आहे. तारखा पुढे ढकलल्या जातात. तो तिकडे कोंडलेला, मी इकडे. जीव नुसता गुदमरतो.

उद्या कोर्टात कुणी हौशी म्हणेलच, "लावून तर बघू या." लावू देऊ नका हो! मला पेटायचंय, फार फार पेटायचंय. पण तो माणूस घरी पोचेपर्यंत मला असाच विझलेला ठेवा.