काळ्या पट्टीखालचा हिरवा दिवा

मी काचेचा तंतू बोलतोय, आणि चिडून बोलतोय. केसाएवढा माझा जीव, पण माझ्यावर आळ घेतला तो डोंगराएवढा.

भट्टीत वितळवून, ओढून ओढून मला घडवलं आणि या प्रयोगशाळेत आणलं. इथे संशोधन करणाऱ्या ताईने मला टेबलावर बसवलं. या एका प्रयोगापायी तिने घरच्यांची किती बोलणी खाल्ली आहेत!

कृष्णविवराच्या सीमेपलीकडे गेलेला प्रकाश परत येत नाही. तरी त्या सीमेपाशी अगदी मंद प्रकाश उमटत असावा, असं गणित सांगतं. खरं कृष्णविवर कुठे हाताला लागतंय? म्हणून ताई माझ्यातून लेझरचा जोरदार झोत सोडते. मागून सोडलेला दुसरा प्रकाश त्या झोताला गाठतो, पण तिथे मंदावतो आणि त्याला ओलांडू शकत नाही. झाली सीमा तयार. तिथला मंद प्रकाश टिपायचा, तर खोलीत मिट्ट काळोख हवा. म्हणून ताईने यंत्रांच्या इवल्याशा दिव्यांवरही काळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

एकदा पाहुणे आले. यंत्र चालू आहे हे दिसावं म्हणून प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी एका दिव्यावरची पट्टी सोलून काढली. पाहुणे गेले, पट्टी सरांच्या खिशात राहिली.

दुसऱ्या दिवशी मोजणीत प्रकाश आला. सर हरखले, कुणाकुणाला फोन लावायला निघाले. ताई म्हणाली, झोताचा जोर बदलून बघू. प्रकाश खरा असेल तर त्याचा रंगही सरकेल. रंग जागचा हलला नाही. सरांचं तोंड उतरलं आणि राग निघाला माझ्यावर.

"तंतूच खराब आहे. टाकून दे."

ताईने विनवून पाहिलं, पण सरांपुढे कुणाचं चालतं? माझी रवानगी टेबलाखालच्या फुटक्या काचांच्या डब्यात झाली.

नव्या तंतूनेही तेच दाखवलं. दिवे मालवून, डोळे काळोखाला सरावायची वाट बघत ताई बसली होती, तेव्हा तिला पट्टी निघालेल्या दिव्याचा हिरवा ठिपका दिसला. तिने दातओठ खाल्ले. मग डब्यात हात घालून मला बाहेर काढलं. बोट कापलं तरी थांबली नाही.

दिव्यावर नवी पट्टी चिकटली, माझी टोकं साफ झाली, झोत सुटला. अगदी फिका प्रकाश आला. ताईने जोर बदलला तसा त्याचा रंग सरकला, पुन्हा बदलला तसा पुन्हा सरकला.

सर आले आणि म्हणाले, "बघ, नवा तंतू घातल्याबरोबर काम झालं की नाही?"

"सर, हा जुनाच आहे. तुम्ही त्या दिव्यावरची पट्टी काढली होती."

सरांनी घसा खाकरला आणि पाहुण्यांना पुन्हा कधी बोलवायचं ते विचारलं. चुकलं म्हणायला जीभ रेटली नाही.

आज ते पाहुणे आलेत. बोलता बोलता सर त्याच दिव्यापाशी गेलेत, त्यांचं नख पट्टीच्या कडेला लागलंय. ताई, भीड कसली बाळगतेस? हात धर त्यांचा.