गप्पांचं अ‍ॅप

लागोपाठ पाच महिने दोनशे नव्व्याण्णव रुपये कापले गेल्याचं पासबुकात पहिल्यांदा दिसलं ते मच्छिंद्रला. खातं त्याच्या बायकोचं, दैवशालाचं. त्यानं बँकेत चौकशी केली, तेव्हा कळलं की पैसे कुठल्याशा अ‍ॅपला जातात. अनोळखी माणसांशी फोनवर गप्पा मारायचं अ‍ॅप.

घरी येऊन त्यानं पासबुक तिच्यापुढं धरलं. "हे काय आहे?"

"मला काय माहीत? असलं काही मी घेतलंच न्हाई."

"मंग पैसे काय आपोआप जाऊन राह्यले?"

तो ओरडला नाही, भांडला नाही. नुसता बोलायचा बंद झाला. दैवशालाला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. बावीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस मान खाली घालून जेवायचा अन् उठून जायचा.

जालना एमआयडीसीत ती बियाणं निवडायच्या कामावर होती. तिथल्या ऑफिसातल्या यशश्री मॅडमपाशी एक दिवस तिला रडूच फुटलं. मॅडमनी आधी बँकेला अर्ज द्यायला लावून पुढची कपात थांबवली, मग ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून दिली. पंधरा दिवसांनी अ‍ॅपवाल्या कंपनीचं उत्तर आलं. सात मार्चला दुपारी सव्वादोन वाजता ग्राहकानं स्वतः संमती दिली आहे, पैसे परत मिळणार नाहीत.

दैवशालानं ते दोनदा वाचलं अन् ताडकन उठली. "मॅडम, सव्वादोनला तर मी पाळीवर असते! फोन गेटवर जमा असतो आपला!"

गेटवरचं रजिस्टर काढलं. सात मार्च, सकाळी आठला फोन जमा, पाचला परत, पुढं तिची सही. त्याची प्रत जोडून तिनं जालन्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली.

सुनावणीला मच्छिंद्रनंच तिला गाडीवर आणलं. वाटेत मात्र चकार शब्द नाही. आयोगानं संमतीचा पुरावा मागितला. कंपनीच्या वकिलांपाशी नुसती तारीख अन् वेळ, बाकी काही नाही.

अध्यक्षांनी दैवशालाला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

ती उठून उभी राहिली. "साहेब, पैसे मिळाले तर बराबरच आहे. पण यांच्या अ‍ॅपपायी माझ्या घरात मी खोटी ठरले. मी खोटी न्हाई, तेवढं लिहून द्या."

मागच्या बाकावर मच्छिंद्रनं तोंडावरून हात फिरवला.

दोन महिन्यांनी निकाल लागला. पैसे व्याजासकट परत, मानसिक त्रासाचे पाच हजार वेगळे. संमती दिल्याचं कंपनीला सिद्ध करता आलं नाही, असंही त्यात स्वच्छ लिहिलं होतं. दैवशालानं ते वाक्य नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आयोगानं इचारलं तरी, संमती कुठंय म्हणून," ती म्हणाली. "तुमी तर तेवढंबी इचारलं न्हाई."

मच्छिंद्रनं वाकून ते वाक्य स्वतः वाचलं. "चुकलं माझं. मी आधीच मनात ठरवून बसल्तो."

तिनं कागदाची घडी घातली. राग काही सगळा गेला नव्हता. पण त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी दोघं समोरासमोर बसून जेवले, अन् मच्छिंद्रनं भाजीत मीठ कमी असल्याचं बोलून दाखवलं.