दोन जावांचा एक ट्रॅक्टर

"मिस्त्री, तिला सांगा, पुढच्या चाकांना हात लावायचा नाही!"

"मिस्त्री, तिला विचारा, नुसती पुढची चाकं घेऊन नांगरणार आहे का?"

मिस्त्री तारेच्या कुंपणात एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून उभा. पान्हा कुणाच्या बाजूला ठेवावा, हेही त्याला सुचेना.

या दोघी जावा, थोरली आणि धाकटी. आमच्या रानाला लागूनच त्यांची रानं. वाटणी झाली तेव्हा सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर झाडाखाली बंद पडला होता. ढकलून ढकलून चौघं घामाघूम झाले, पण तो जागचा हलेना. मग भावांनी कुंपणाच्या तारा त्याच्याच पोटाखालून ओवल्या. इंजिन थोरलीच्या रानात राहिलं. सीट, मोठी चाकं आणि मागचा गंजका नांगर धाकटीकडे गेला.

पुढे थोरलीच्या म्हशीनं धाकटीची वाळत घातलेली कोरी चादर चघळली. थोरली म्हणाली, "रंग आवडला असेल तिला." त्या दिवसापासून दोघींत अबोला. नवरे दोघेही गरीब गाय. निरोप इकडून तिकडे नेणं एवढंच त्यांच्या हातात.

यंदा भाड्याचे ट्रॅक्टर सगळे तलावाच्या मातीकामावर गेले. ढग रोज थोडे खाली उतरत होते आणि रानात पाय टाकला की ढेकळं टोचत होती. पेरणी हातची जाणार म्हटल्यावर दोघींना आपापला अर्धा ट्रॅक्टर आठवला.

थोरलीनं रेडिएटरमधलं मुंग्यांचं घर काढलं, इंजिन घासलं आणि दाराला लावून उरलेला हिरवा रंग त्याला फासला. ते बघून धाकटी पेटली. तिनं सीटखालची कोंबडी हुसकली, नटबोल्टांना रॉकेल पाजलं, ग्रीस भरलं आणि मागची बाजू लालभडक करून टाकली.

मग थोरला भाऊ फिल्टर आणायला गेला. दुकानदारानं विचारलं, "कुठला ट्रॅक्टर?"

"हिरवा."

दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ क्लचप्लेट आणायला गेला. "कुठला?"

"लाल."

दुकानदारानं दोन वेगळ्याच ट्रॅक्टरांचं सामान बांधून दिलं. त्यातलं काहीच बसेना, म्हणून मिस्त्रीला बोलावलं होतं.

मिस्त्रीनं पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "असला ट्रॅक्टर कुठल्याच कारखान्यानं काढलेला नाही," तो म्हणाला.

मधे, बरोबर तारांच्या वर, वीतभर पट्टा तसाच काळाकुट्ट होता. दुसरीचं काम आपल्या हातून व्हायला नको, म्हणून तिथं कुणीच फडकं मारलं नव्हतं. मिस्त्रीनं तो खरवडला. खालून निळा रंग निघाला.

"हा निळा आहे."

"शक्यच नाही!" दोघी एकदम म्हणाल्या आणि दोघींनी लगेच तोंडं फिरवली.

निळ्याखाली ओतीव अक्षरात नंबर होता. पुढचे आकडे थोरलीनं वाचले, मागचे धाकटीनं. ते जुळवून मिस्त्रीनं मॉडेल ओळखलं, दुकानातून सामान बदलून आणलं आणि सगळं जागच्या जागी बसवलं.

आता चालू करायचं. हँडल पुढे, थोरलीच्या हातात. लिव्हर मागे, धाकटीच्या हातात. दोन्ही एकाच क्षणी ओढल्याशिवाय इंजिन पेटणार नव्हतं.

"तिला सांगा, आता फिरव," धाकटी म्हणाली.

धाकट्यानं थोरल्याला सांगितलं, थोरल्यानं बायकोला. तोवर धाकटीचा हात लिव्हरवरून निघालेला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. थोरलीच्या तळव्याला फोड आले, इंजिन नुसतं खोकत राहिलं.

शेवटी धाकटी सीटवर उभी राहून ओरडली, "अहो जाऊबाई, आत्ता! आत्ता फिरवा!"

काळ्या धुराचा लोट उठला. ट्रॅक्टर गिअरमध्येच होता. थोरली बाजूला उडी मारते तोच तो पुढे धावला. नांगरात तारा अडकल्या आणि खांब एकामागून एक उपटून निघाले.

थोरली पळत येऊन मडगार्डवर चढली. "अगं ब्रेक दाब की!"

"दाबतेय, लागत नाही! इंजिन बंद करायची तार कुठाय?"

"गंजून तुटली कधीची!"

"मग काय करू?"

"आता नांगर खाली सोड!"

धाकटीनं नांगर सोडला. बंद पडला तर पुन्हा चालू होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून दोघी फिरत राहिल्या. एकीचं रान, दुसरीचं रान, मधला बांध, सगळं उलथत गेलं. आणि त्या बोलत होत्या. इंजिनाच्या वर आवाज काढून चादर, म्हैस, सासरे, गुडघेदुखी, सगळं बोलून घेतलं. आम्हाला आमच्या बांधावरून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

डिझेल संपलं, ट्रॅक्टर थांबला. थोरली उतरली, अंगावरची माती झटकली आणि धाकटीकडे न बघता घरी निघाली.

थोरला मागे धावला. "अगं, बोललात ना आता?"

"इंजिन चालू असताना बोललेलं धरत नाहीत," थोरली म्हणाली.

पेरणी वेळेवर झाली, पीकही डोकं वर काढून उभं राहिलं. नांगरायला आता काही नाही. तरी दुपार कलली की धाकटी सीटवर जाऊन बसते आणि थोरली न बोलता हँडल फिरवते. मग चाकांना दगड लावलेला ट्रॅक्टर उभ्या जागी धडधडतो आणि दोघी मडगार्डला टेकून घसा फाटेपर्यंत बोलतात.

मी एकदा विचारलं, "वहिनी, काम नाही तर रोज कशाला चालू करता?"

थोरली म्हणाली, "मिस्त्रीनंच सांगितलंय. नाहीतर पुन्हा गंजतो."