एलोजीबाबांचा चोळणा

उरणहून मोऱ्याच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोटीरामचं शिवणकामाचं दुकान होतं. साल अठ्ठावन्न असेल. देवाधर्माच्या बाबतीत त्याचा हिशेब अगदी सरळ होता. देवळात जायचं तर सदरा काढायचा आणि उघड्या अंगानं हात जोडायचे. देवापासून लपवायचं काय? हा हिशेब एलोजीबाबांनी एका दुपारी पार विस्कटून टाकला.

एलोजीबाबा शेजारचे शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते नाव. ते मांजरपाटाचं साधं पांढरं कापड घेऊन आले. किप्पूरचा, म्हणजे वर्षभराच्या पापांची माफी मागायचा उपास तोंडावर आला होता. त्या दिवशी ही मंडळी दारं लावून घरात प्रार्थना करायची, बाहेरच्या माणसाचा स्पर्शसुद्धा टाळायची. गावात त्याला दारफाळणीचा सण म्हणत.

"साधा झगा, कमरपट्टा, फेटा," बाबा म्हणाले. "आणि आतून चोळणा. कमरेपासून मांडीपर्यंत."

"झग्याला थोरी जरीची किनार लावू का? देवाचं काम हाय."

"नको. आमच्या शास्त्रातल्या मोठ्या याजकाच्या, म्हणजे मुख्य पुजाऱ्याच्या अंगावर सोनं होतं, रत्नं होती. पण या दिवशी तो ते सगळं उतरवून साध्या पांढऱ्या कपड्यात देवाच्या गाभाऱ्यात जाई. यंदा प्रार्थना मी चालवणार. एकदा तरी तसं उभं राहावं म्हणतो."

"पन झगा पायापर्यंत हाय. चोळना कोन बगनार?"

"कोणी नाही."

"मंग तो कनाला?"

"कोणी बघू नये म्हणूनच," असं म्हणून बाबा निघून गेले.

गोटीराम गोंधळला. एरवी सोनं चालतं आणि मोठ्या दिवशी मांजरपाट, ही कसली रीत? आपला पुजारी उघडा, त्यांचा आतून-बाहेरून झाकलेला, मग देवाला आवडतं तरी काय? त्यानं बायकोला विचारलं. पुतळाबाई म्हणाली, "देवाचं देव बगल. तुमी शिवा गप."

सण सूर्यास्ताला लागायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी संपायचा. सूर्य मावळायच्या जरा आधी बाबा घाई करत दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. गोटीरामनं चोळण्याच्या नेफ्याला, नाडी ओवायच्या पट्टीला, हातानं शेवटचे टाके घातले आणि कपडे देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हातशिलाईची सुई सापडेना. सगळं दुकान पालथं घातलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. सुई नेफ्यातच टोचून राहिली होती. म्हातारं माणूस, त्यात उपाशी, दिवसभर ऊठबस करणारं. गोटीराम धावत सुटला.

बाबांचं दार बंद होतं. आतून प्रार्थनेचा गुणगुणाट येत होता. वडील गेल्यापासून दोन शब्द विचारायला गोटीरामला हे एकच दार होतं. या दिवशी आपला स्पर्श चालत नाही हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण आज त्या दारापुढे उभं राहिल्यावर ते पहिल्यांदाच जिव्हारी लागलं. कडी वाजवावी तर सण मोडेल, न वाजवावी तर सुई रुतेल. शेवटी त्याला राहवेना.

"बाबा! तुमच्या चोळन्याच्या नेफ्यात सुई ऱ्हायली हाय!"

अख्ख्या आळीनं ऐकलं. टोपली घेऊन चाललेली एक कोळीण तोंडाला पदर लावून हसली. जे कोणी बघू नये म्हणून शिवलं, त्याची आपण भररस्त्यात दवंडी पिटली! गोटीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रार्थना थांबली. पावलं दाराशी आली, पण दार उघडलं नाही.

"काल रात्रीच टोचली रे," बाबांचा आवाज आला. "काढून ठेवलीय."

"लागली का हो?"

"थोडी."

"माफ करा, बाबा." गोटीराम दाराजवळ सरकला. "आज आमचा हात तुमाला लागाचा नाय, नी मी दारावर येऊन बोंबललो. मोरला का तुमचा सन?"

बाबांनी आतूनच विचारलं,

"गोटीराम, माझ्या अंगावरचा चोळणा कुणी शिवला?"

"मीच की."

"मग कालपासून तुझा हात माझ्या अंगाला लागलेलाच आहे. सगळ्यांत आतून. तसाच मी देवापुढे उभा आहे."

पावलं परत गेली. प्रार्थना पुन्हा सुरू झाली. गोटीराम पायरीवरच बसून राहिला. परत जायला हवं होतं, दुकान उघडं टाकून आला होता. पण आपण या दाराच्या बाहेर आहोत की आत, हेच त्याला काही केल्या उमजत नव्हतं.