हायवेपर्यंतचा उतार

व्हरमाँटच्या माणसाच्या स्वयंपाकाला एकवेळ नावं ठेवावीत, पण त्याच्या स्कीच्या डोंगराचा उतार किती फुटांचा, यावर शंका घेऊ नये. एल्डननं नेमकं तेच केलं, आणि तेही सक्काळी सक्काळी, लॉजमधली कॉफी पीत.

एल्डन हा इथंच राहिलेल्या लोरेनचा भाऊ. दोन राज्यांमधल्या मोठ्या तळ्यापलीकडे, न्यूयॉर्क राज्याच्या बाजूला राहायला गेला आणि गेल्या गेल्या तिकडच्या डोंगराचा भक्त झाला. बाटगा जास्त कडवा म्हणतात तसं.

"तीन हजार फूट म्हणे!" नकाशावर बोट आपटत तो म्हणाला. "वरून मोजता शिखरापासून, आणि खाली कुठपर्यंत? पार लॉजच्या मागं खाली, हायवेवरच्या पार्किंगपर्यंत! तिथवर स्कीवर कधी कुणी गेलंय? आमच्याकडे शिखरावरून सुटलास की थेट पायथा. तुमचं म्हणजे टाचा उंच करून उंची सांगायची."

"सरळ खाली पडायला अक्कल लागत नाही, एल्डन," लोरेनचा नवरा नॉर्मंड म्हणाला. "वाटेची लांबी बघ. आमची सहा मैलांची आहे."

"ती आजीबाईंची वाट! अर्ध्या रस्त्यात काठ्या मारत ढकलत जायचं."

खरं सांगायचं तर एल्डनचं अगदीच खोटं नव्हतं. लॉजच्याही खाली, जंगलातून हायवेकडे उतरणारा तो शेवटचा तुकडा गावातले सगळे भांडताना मोजायचे, पण उतरायला कुणी जायचं नाही.

तीस वर्षं ऐकलेल्या या भांडणाकडे लोरेनचं लक्ष नव्हतं. तिचं लक्ष होतं नॉर्मंडच्या चेहऱ्याकडे. ऑक्टोबरात त्याच्या हृदयात स्टेंट घातला होता. डॉक्टरांनी जपून स्की करायला परवानगी दिली, पण लोरेनच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. सगळा हिवाळा तिनं स्वतःच्या स्कीला हात लावला नव्हता, घसरायला मेण लावणं तर दूरच. ती लॉजच्या खिडकीत उभी राहायची आणि नवऱ्याचं हिरवं जाकीट दिसलं की मगच श्वास सोडायची.

"उभ्या उताराकडे फिरकायचं नाही," तिनं बजावलं. "लांबच्या वाटेनं यायचं. कबूल?"

"कबूल गं बाई."

जेवणानंतर नॉर्मंड वर गेला तो गेलाच. दुपार कलली, वारा सुटला, माणसांना डोंगरावर नेणारे बरेच पाळणे बंद झाले. एल्डन परत आला, गाल लाल, मिशीवर बर्फ.

"नॉर्म कुठाय?" लोरेननं विचारलं.

"म्हणजे? आला नाही अजून?"

लोरेन पुन्हा खिडकीशी धावली. खिडकीसमोर उभा उतार होता, निळसर काचेसारखा गोठलेला. "तू डिवचलंस त्याला! तिथूनच गेला असणार तो. तुझ्या जिभेला हाड नाही, एल्डन, लहानपणापासून नाही!"

एल्डननं एरवी चार शब्द परत केले असते. आता तो तडक डोंगरावरच्या गस्तीवाल्यांना सांगायला गेला, आणि त्यामुळे लोरेन जास्तच घाबरली. नॉर्मंडचा फोन लागत नव्हता. थंडीत फोन मरतात हे तिला ठाऊक होतं, तरी ती लावत राहिली.

लाल जाकीटवाली गस्तीची पोरगी, ब्रिन, वॉकीटॉकी घेऊन धावत आली. डोंगर बंद करताना गस्तीवाले सगळ्या वाटा पिंजून काढतात. "काकू, उभा उतार बघून झाला. तिथं कुणीच नाही."

"मग लांबची वाट?"

"लॉजपर्यंत बघितली. तिथंही नाहीत."

लोरेन जाकीट चढवू लागली. झाडीत कुठंतरी छाती धरून पडलेला नॉर्मंड तिला दिसू लागला. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. ब्रिननं कान लावला आणि तिचा चेहराच बदलला.

"हिरवं जाकीट? हायवेकडच्या पायथ्याशी बसलेत. तिथून वर येणारा पाळणा वाऱ्यामुळे बंद पडलाय, म्हणून अडकले. कोको पितायत म्हणे."

एल्डननं गाडी अशी हाणली की लोरेननं दोनदा देवाचं नाव घेतलं. हायवेकाठच्या छोट्या खोलीत नॉर्मंड खरंच कोको पीत बसला होता. आपण बोलणी खाणार हे ओळखून आधीच अंग चोरलेलं.

"लांबची वाट म्हणालीस ना? मी अख्खी घेतली," तो घाईनं म्हणाला. "शिखरापासून इथपर्यंत."

"तीन हजार फूट," एल्डन पुटपुटला. "मान्य, बाबा. मान्य! पण परत असं करू नकोस."

लोरेननं तोंड उघडलं ते चांगलं फैलावर घ्यायला. पण नॉर्मंड हळू आवाजात म्हणाला, "एल्डनसाठी नाही गेलो गं. प्रत्येक वळणावर थांबत होतो, छातीवर हात ठेवून. वाटायचं, आता दुखेल, आता दुखेल. नाही दुखलं, लोरेन. कुठंच नाही दुखलं."

म्हणजे सगळा हिवाळा तोही भीतच होता, आणि तिला कळू दिलं नव्हतं.

लोरेन खाली बसली आणि त्याच्या बुटांच्या कड्या सोडू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि किती महिन्यांनी छाती भरून श्वास येत होता.

"उद्या मी खिडकीत उभी राहणार नाही," ती म्हणाली. "माझ्या स्कीला आज रात्री मेण लावून ठेव."