माझ्या उजेडात लाल ते लालच

मी बॅटरी बोलतेय. पत्र्याची, सेलवाली, जुनी. नाक मुरडायचं असेल तर आधी मुरडून घ्या, मग ऐका.

माझ्या पोटात इवलासा बल्ब आहे. त्यातली तार तापते आणि उजेड पडतो, एवढीच माझी अक्कल. उजेडही पिवळट. रस्त्यापलीकडे पोचेपर्यंत त्याला धाप लागते.

एका शिवणकामवालीनं मला घेतलं, मशीनखाली पडलेल्या सुया शोधायला. खटका सैल झाला तेव्हा तिनं मला फेकलं नाही, दोऱ्यानं आवळून बांधलं. ते उपकार मी विसरलेली नाही.

पुढे ती म्हातारी झाली. साखरेच्या आजारानं तिचे पाय बधिर झाले. खिळा रुतला तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी बजावलं, "पाय रोज बघा. लाली दिसली की थांबू नका, नाहीतर पाय गमवाल." तिच्या खोलीची खिडकी उघडते शेजारच्या भिंतीवर, म्हणजे दिवसासुद्धा अंधारच. मग सून कामावरून आली की स्टुलावर बसायची, सासूचा पाय मांडीवर घ्यायची आणि मला पेटवायची.

"धुतलेत गं पाय, नाक धरू नकोस."

"नाक कशाला धरू? तुमचं तोंड सुरू झालं की कान धरावेसे वाटतात, आई."

अशी त्यांची रोजची पूजा. मी मधे बसून मजा बघायची.

एके दिवशी मुलानं नवा टॉर्च आणला. गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या टाकीवर मारला. "बघ आई, टाकीवरची अक्षरं वाचता येतात!"

"टाकीचा पाय दुखतोय का?" म्हातारी म्हणाली.

पण नव्याचं कौतुक. मला फ्रिजवर टाकलं.

थोड्याच दिवसांत म्हातारीच्या अंगात कणकण भरली. सुनेनं नव्या टॉर्चनं पाय बघितले. लख्ख पांढरा झोत, डोळे दिपतील असा. "काही नाही हो, दोन्ही सारखेच आहेत."

"सारखे कसले? दोन्ही राख फासल्यासारखे दिसतायत. माझी जुनी आण."

"अगं आई, तो काजवा आहे," मुलगा म्हणाला.

"काजवा तर काजवा. आण म्हणते ना!"

सुनेनं मला उचललं आणि पायावर पेटवलं. करंगळीच्या कडेला लालसर डाग होता आणि तो घोट्याकडे सरकत निघाला होता. सुनेनं हात लावला, जागा तापलेली. "अहो, गाडी बघा. आत्ताच्या आत्ता!"

डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. औषधावर भागेल. अंगावर काढलं असतं तर बोटं काढावी लागली असती."

यात जादू काही नाही. उजेडात जो रंग असतो तोच वस्तू परत देते. त्या टॉर्चच्या उजेडात निळं पांढरं ढीगभर, लाल जेमतेम. मग सावळ्या कातडीवरची लाली, जी मुळातच लाजरी, ती दिसणार कशी? माझा उजेड थोडा, पण लाल त्यात भरपूर. तरी मी काही सर्वगुणसंपन्न नाही. कावीळ बघायला मला घेऊ नका, माझ्यापुढे सगळंच पिवळं. त्याला दिवसाचा उजेडच हवा. आणि लांबचा खड्डा बघायचा तर तो दांडगट टॉर्चच न्या. मी त्याच्यावर डूख धरून नाही.

सांगणं एवढंच, बॅटरी घ्यायला गेलात तर दुकानाबाहेरच्या खांबावर मारून बघू नका. आपल्या तळहातावर मारा. तळहात जित्या माणसाचा दिसला तर घ्या. प्रेताचा दिसला तर दुकानदाराच्या हातात परत ठेवा, तो कितीही बडबडला तरी.

मुलानंही तसंच केलं. दुकानात दहा टॉर्च तळहातावर मारून एक घरी आणला. तो माझ्याहून उजळ आहे आणि लालही चोख दाखवतो. आता पाय तोच बघतो. मला राग नाही. माझा बल्ब काळवंडलाय आणि तसला आता मिळत नाही. या घरानं मला भंगारात घातलं नाही, पुसून उशाशी ठेवलं, यातच सगळं आलं.

काल म्हातारी कठडा धरून जिना उतरली. दोन्ही पायांची दहाच्या दहा बोटं चपलेत. खालून तिचा आवाज वर आला, सुनेला हाक मारत होती, "अगं ये लवकर, किती वाट बघायची तुझी!"

आता माझा बल्ब गेला तरी चालेल.